अठ्ठ्याण्णवला

"अठ्ठ्याण्णवला सुरू होते, ताई,
एकशे सातला बंद.
मधात गाडी माही राहत नाही."
एवढं बोलून पालटकरने चावी तन्वीरला दिली.
तन्वीरने ती माझ्या हातावर ठेवली.

हिंगणा रोड, डिसेंबर, शटर अजून अर्धंच वर.
लाल गाडी इतकी खाली बसवलेली
की दुकानापुढची जाळी ओलांडताना
तिने पोट आत घेतलं असावं.

काय काय बदललंस?
त्याने बोटं मोजायला घेतली, मग सोडून दिली.
स्प्रिंगा, चाकं, टायर, डिस्क,
सीट, सायलेन्सर, स्टिअरिंगसुद्धा.
मग कंपनीचं काय उरलं?
"चेसिस नंबर," तो म्हणाला, आणि हसला नाही.

थरथर हातात येते की बुडाखाली?
हा प्रश्न बाबांचा. दुकानाबरोबर मिळाला.
हातात तर पुढे शोध, बुडाखाली तर मागे,
दोन्हीकडे असेल तर आधी चहा सांग.
"हातात. घड्याळाचा पट्टा हलते."

ब्रेक दाबल्यावर वाढते? नाही. डिस्क सुटली.
न्यूट्रलला टाकली तर जाते? नाही. इंजिन सुटलं.
असं एकेकाला घरी पाठवत जायचं.
ज्यांचा संबंध नाही
त्यांची जेवणाची वेळ चुकवू नये.

तीन दुकानांत बॅलन्सिंग झालं होतं,
धरमपेठ, सक्करदरा, कामठी रोड.
रिमला शिशाचे तुकडे, जागोजागी,
दृष्ट काढून काढून थकल्यासारखे.
मीही चाक मशीनवर चढवलं.
आत शून्य. बाहेर शून्य.

टाय रॉड घट्ट. बॉल जॉइंट घट्ट.
दुपारचे दोन वाजले. पालटकर
जुन्या टायरवर बसून स्वतःचीच नखं बघत होता.
"चार महिने झाले," तो कोणालाच उद्देशून म्हणाला नाही,
"बायको बसतच नाही यात."

मग चाक गाडीवर चढवून जॅकवर घेतलं,
डायल गेजचा काटा रिमला टेकवला,
हाताने हळूच फिरवलं.
काटा चालला. गेला, आला.
अर्ध्या मिलिमीटरलाही कमी,
झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा.

चाक बाहेर दिसावं म्हणून
त्याने मधे स्पेसर घातला होता,
निळा, देखणा, कुरिअरने आलेला.
त्याचं भोक मोठं, हब लहान.
चाक हबवर बसलंच नव्हतं कधी,
पाच नटांना धरून लटकलं होतं.
मशीन चाकाला त्याच्या मध्यावर धरतं,
गाडी धरते जिथे सापडेल तिथे.
खोटं कोणीच बोलत नव्हतं.

तांडापेठेत हेडाऊंचा लेथ आहे.
आधी मागाचे सुटे भाग करायचे,
आता मिक्सरचे दांडे.
अधिवेशनाने झिरो माइलकडचा रस्ता अडवलेला,
तन्वीर लांबून फिरून गेला, संध्याकाळी आला.
रुमालात गुंडाळलेल्या दोन ॲल्युमिनियमच्या रिंगा,
भिंत जेमतेम दोन मिलिमीटर,
आणि निरोप:
"एवढ्यासाठी गाडी हालून राहिली होती? दोनशे पाठव."

चाक हवेत असतानाच नट आवळले,
एक सोडून एक, चांदणी काढावी तसे.
दर आवळीला रिंग थोडी आत सरकली.
टक असा आवाज आला,
डबीचं झाकण बसतं तसा.

दुसऱ्या दिवशी पहाटे शिवमडक्याहून समृद्धीवर.
धुकं. तो चालवत होता,
मी शेजारी, शालीत.
ऐंशी. नव्वद. पंच्याण्णव.
त्याने श्वास धरला होता.
अठ्ठ्याण्णव.
स्टिअरिंगला सांगायचं काही नव्हतं.
एकशे एक. एकशे चार. एकशे सात.
पट्टा मनगटावर निजलेला.

बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग त्याने मान डावीकडे कलवली.
"ताई, बारीक गुणगुण येऊन राहिली का?"

येत होती. डावं बेअरिंग.
आधीपासून होती,
थरथरीच्या आडोशाला.
मी काच वर घेतली, पुन्हा खाली घेतली.
म्हटलं, सोमवारी आण.